बेचाळीस नंबरचं देवक

बसा. पण एक अट आहे, मी सांगत असताना कुणी चहाचा घोट घ्यायचा नाही. मागं स्टाफरूममध्ये हा किस्सा सांगितला तर आमच्या हेडमास्तरांच्या नाकातून चहा आला आणि अख्खा हजेरीपट भिजला. लोकांना हसू येतं हो. मला मात्र आजही मोर दिसला की पोटात गोळा येतो.

हो, मोर! हसा, हसा.

तर मी दिगंबर. नळदुर्गात हायस्कूलला चित्रकला शिकवतो. चित्रकलेचे तास कमी भरतात म्हणून कॉम्प्युटरही शिकवतो. स्वभावानं मी भित्रा माणूस आहे, आता तुमच्यापासून काय लपवायचं? पालीला भितो, शाळातपासणीला भितो, हायवे ओलांडायला भितो. आणि ह्या सगळ्याची बेरीज करून दुप्पट केली तर जेवढं होईल तेवढं माझ्या थोरल्या बहिणीला, कमलअक्काला भितो. ती दोन गल्ल्या पलीकडं राहते. गल्लीत तिच्या चपला वाजल्या की मी घरात बसल्या जागी शर्टाचं वरचं बटण लावतो.

पण भित्र्या माणसाचीही एक जागा असते जिथं तो वाघ असतो. माझी ती जागा म्हणजे लॅपटॉप. तिथं मी कुणाच्या बापाला भीत नाही. तिथंच घात झाला.

आमच्या समाजाचं एक वधू-वर मंडळ आहे. मेळावा भरला, दोनशे बारा मुलामुलींनी नावं नोंदवली, तिथंच टेबलापाशी उभं करून त्यांचे फोटो काढले. मंडळाचे सेक्रेटरी मोठे हुशार. मागं एका वर्षी फोटो एकीकडं आणि फॉर्म दुसरीकडं होऊन भलत्या मुलाला भलती मुलगी दाखवली गेली होती. तेव्हापासून ते सगळी माहिती फोटोच्या पोटातच लिहून ठेवायचे. फोटो म्हणजे नुसतं तोंड नसतं बरं का! त्या फाइलच्या आत न दिसणारे रकाने असतात. फोटो कधी काढला, कुठल्या कॅमेऱ्यानं काढला, हे त्यात आपोआप बसतं, आणि आपल्याला हवं तेही लिहिता येतं. ह्यांनी त्यात नाव, जन्मतारीख, उंची, शिक्षण, गाव आणि देवक लिहिलं होतं.

देवक तुम्हाला ठाऊकच आहे. कुणाचं वड, कुणाचं शंख, कुणाचं मोराचं पीस. दोघांचं देवक एक निघालं म्हणजे कूळ एक, म्हणजे मुलगा-मुलगी भाऊ-बहीण. लग्न नाही. विषय संपला. पत्रिकेतल्या मंगळाला शांत करता येतं, देवकाला कुणी शांत करत नाही.

झालं असं, की पुस्तिका छापायची म्हणून ते फोटो एका स्टुडिओवाल्याकडं दिले. त्यानं सगळ्यांची तोंडं उजळून दिली, अगदी ओळखू येईनात अशी. पण परत आले तेव्हा सगळ्या फोटोंची पोटं रिकामी! नाव नाही, गाव नाही, काही नाही. सेक्रेटरींनी डोकं धरलं. म्हणाले, दोनशे बारा जणांची माहिती परत टाइप कोण करणार?

मी हात वर केला. हाच तो हात. म्हटलं, टाइप कशाला? जुन्या फोटोंच्या पोटात माहिती आहे ना? ती उचलून नव्या फोटोंच्या पोटात घालतो. एका दुपारचं काम.

रविवारी दुपारी बसलो. काळा पडदा उघडला. त्यात माऊस नाही, चित्रं नाहीत, नुसते हुकूम टाइप करायचे. ‘एक्केचाळीस नंबरच्या जुन्या फोटोतून घे, एक्केचाळीसच्या नव्या फोटोत घाल.’ आमची सुनंदा, म्हणजे आमचं कुटुंब, चहा ठेवताना पडद्याकडं बघून म्हणाली, “अहो, हे काय बिघडलंय का?” मी नुसता हसलो. असल्या वेळी मला फार छान हसता येतं.

आधी नमुना म्हणून आमच्या दोघांचेच फोटो घेतले. पुस्तिकेच्या पहिल्या पानावर मंडळाच्या कार्यकर्त्यांचे जोडीनं फोटो द्यायचे होते, नव्या पिढीला लग्नाचा धीर यावा म्हणून. एक नंबरला सुनंदा, दोन नंबरला मी. लेडीज फर्स्ट. माझ्या देवकाचा रकाना मी रिकामाच सोडला होता, कारण मला माझं देवक माहीत नाही. माझ्या लग्नात देवक बसवत होते तेव्हा मी फोटोग्राफरला उजेड कुठून घ्यावा ते समजावून सांगत होतो.

हुकूम सोडला. मशीन थांबलं आणि पिवळ्या अक्षरांत वॉर्निंग आली, की दोन नंबरच्या फोटोत देवकाचा रकाना सापडत नाही. म्हटलं, बरं. पुढच्या सगळ्या फोटोंवर चालवलं. बारा नंबरला वॉर्निंग. एकोणीसला वॉर्निंग. एकोणतीस जणांनी देवक लिहिलेलंच नव्हतं! आणि पुस्तिका मांडायचं जे दुसरं सॉफ्टवेअर होतं, त्याला रिकामा रकाना चालत नव्हता. रकाना रिकामा दिसला की ते तिथंच अडून बसायचं, वळू रस्त्यात बसतो तसं.

आता शहाण्यानं काय केलं असतं? एकोणतीस फोन केले असते. नाहीतर सरळ ‘माहीत नाही’ असं लिहिलं असतं. मी काय केलं? मला कुणी सारखं टोकलेलं खपत नाही. बाहेर खपवून घ्यावं लागतं, लॅपटॉपवर कशाला? मी स्वतः पाच ओळींचा हुकूम लिहिला. जुन्या फोटोत देवक सापडलं तर हातात घे. नाही सापडलं तर कुरकुर करू नको. हातात असेल ते नव्या फोटोत घाल आणि पुढं चल.

पुन्हा चालवलं. एक वॉर्निंग नाही! एक रकाना रिकामा नाही!

मी विचारतो तुम्हाला, इथं माणसाला शंका यायला हवी की नको? जे एकोणतीस जणांनी लिहिलंच नाही, ते भरलं कुठून? मला शंका नाही आली. मला आनंद झाला. पान एकवर माझ्या नावापुढंसुद्धा काहीतरी छान छापलं गेलं होतं, ते मी वाचलंसुद्धा नाही. मी माझा फोटो बघत होतो.

पुस्तिका वाटली. आठ दिवसांत फोन यायला लागले. भूमहून एकजण म्हणाले, “मास्तर, आमचं देवक आमच्या आज्याबरुबर गेलं हुतं. तुमी कुठून हुडकलं ओ?” मला वाटलं हे आपलं कौतुकानं बोलतात. मी नम्रपणे म्हणालो, “शोधलं की सापडतं.”

‘शोधलं की सापडतं!’ हे वाक्य आठवलं की मला अजूनही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

आता वर्षाकडं या. वर्षा ही कमलअक्काची मुलगी, माझी भाची. नर्स आहे. नऊ स्थळं तिनं नाकारली होती. मेळाव्यात माझ्याच टेबलापुढं रांगेत ती उभी होती, आणि तिच्या मागं जळकोटचा अजित. त्याच्याकडं पेन नव्हतं. वर्षानं तिचं दिलं. ते त्यानं परत केलं नाही. पंधरा दिवसांनी पेन परत करायला म्हणून आई-वडिलांना घेऊन आला. बघणं झालं, बोलणं झालं, वर्षा म्हणाली, “बघा तुम्ही.” आमच्याकडं मुलगी ‘बघा तुम्ही’ म्हणाली की समजायचं, मांडवाचं बघा. गुरुवारी सुपारी फोडायचं ठरलं. मी मामा! मांडवात भाचीच्या पाठीशी उभं राहायचं म्हणून मी नवा शर्ट शिवायला टाकला.

सोमवारी सकाळी फोन आला. अक्का दोनच शब्द बोलली. “दिग्या, ये.”

मी गेलो. अक्काचे सासरे, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो, बाजेवर बसले होते. वय ऐंशीच्या पुढं. नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, नवी नजर आलेली, त्यामुळं दिसेल ते वाचायचे. आधी कॅलेंडर वाचलं, मग खताची पोती वाचली, आणि त्या सकाळी आमची पुस्तिका हातात घेतली होती. भिंगासकट.

“दिगंबरराव, हे वाचा,” अण्णा म्हणाले.

मी वाचलं. “एक्केचाळीस. वर्षा. देवक, मोराचं पीस.”

“म्होरं.”

“बेचाळीस. अजित. देवक...” मी ओळ परत एकदा बघितली. “मोराचं पीस.”

“भाऊ-भैन हायत,” अण्णांनी भिंग खाली ठेवलं. “गुरुवारी पावण्यांना बोलवायचं, पानसुपारी द्यायची, हात जोडायचे. हे लगीन व्हनार न्हाय.”

अक्का बाजेच्या कडेला बसली होती. मला वाटलं आता माझ्यावर येणार. तर ती डोळे पुसत काय म्हणाली? “बरं झालं दिग्या, तू छापलंस. न्हायतर केवढं पाप घडलं असतं रे! तू हाईस म्हणून वाचलो.”

माझी बहीण माझ्यावर खूश होती! चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा! आणि माझ्या मनात मात्र कुठंतरी ती पिवळी अक्षरं लुकलुकायला लागली होती.

निघताना वर्षा दारात उभी होती. डोळे सुजलेले. तिनं रडारड केली नाही, तेच जास्त लागलं मला. एवढंच म्हणाली, “मामा, फॉर्म तुम्हीच घेतला होता ना त्यांचा? एकदा नीट बघता का?”

घरी आलो, लॅपटॉप उघडला, बेचाळीस नंबरचा जुना फोटो काढला आणि त्याच्या पोटात बघितलं. देवकाचा रकाना कोरा. एक्केचाळीसचा बघितला. मोराचं पीस.

तुमच्या लक्षात आलं ना? मी हुकूम लिहिला होता, ‘हातात असेल ते घाल.’ पण रिकामा रकाना आला तर हात झटकून रिकामा कर, असं लिहायचं राहून गेलं होतं! ह्या घरचं पत्र नसलं की मागच्या घरचंच पत्र परत टाकणारा पोस्टमन तयार केला होता मी. वर्षाचं देवक हातात राहिलं आणि मागच्या अजितच्या पोटात गेलं. दोघं रांगेत एकामागं एक उभे राहिले, पेनाची देवाणघेवाण झाली, म्हणून तर सोयरीक जुळली. आणि एकामागं एक उभे राहिले म्हणूनच मोडायला निघाली.

मी लॅपटॉप मिटला. परत उघडला. रकाना कोराच होता. परत मिटला. सुनंदा म्हणाली, “काय झालं हो? ताप आहे का?” तिला सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, “चपला घाला आणि अक्कांना सांगून या.”

“वेड लागलंय तुला?” मी ओरडलो. म्हणजे हळू आवाजात ओरडलो, दोनच गल्ल्यांचं अंतर. “अक्का काय म्हणेल? चांगली जुळलेली सोयरीक भावानं मोडली म्हणेल! गावभर होईल! आणि ते उरलेले अठ्ठावीस?”

अठ्ठावीस म्हटल्यावर मला आणखी एक गोष्ट सुचली आणि मी खाली बसलो. ह्या पुस्तिकेवरून आणखी कुणाचं काय मोडलं असेल? किंवा उलटं, जे जमू नये ते जमलं असेल तर? दुपारचं जेवण गेलं नाही. संध्याकाळचंही नाही, पण ते भीतीपेक्षा भेंडीमुळं.

मग मी एक युक्ती काढली. भित्र्या माणसाला युक्त्या फार सुचतात. गुपचूप जळकोटला जायचं. अजितच्या वडिलांना, नामदेवतात्यांना, गोड बोलून त्यांचं खरं देवक विचारायचं. ते वेगळं निघालं की एक छोटीशी चिठ्ठी छापायची, ‘छपाईची चूक’. म्हणजे चूक छापखान्याची. माझं नावच नको.

मंगळवारी शाळा सुटल्यावर मोटरसायकल काढली. तात्या शेतात होते. तात्या म्हणजे दांडगा माणूस, हाक मारली तर हायवेवरचा ट्रकवाला ब्रेक मारील. उन्हाळी भुईमूग डोलत होता आणि त्यात, मी डोळे चोळले, सात-आठ मोर निवांत चरत होते. शेंगा उकरून उकरून खात होते. आणि तात्या बांधावर हात जोडून उभे!

“तात्या, अहो मोर! भुईमूग खातायत!”

“खाऊ द्या, खाऊ द्या,” तात्यांनी मलाच गप्प केलं. “हाकलू नगा. ते आमचं देवक हाय.”

माझ्या हातातली किल्ली खाली पडली.

“मास्तर, तुमचे लई उपकार बगा,” तात्यांनी माझे दोन्ही हात धरले. “इतकी वर्सं म्या ह्यांना दगडं मारली. माहीतच न्हवतं की ओ! आमचा बाप लवकर गेला, कोन सांगनार? तुमच्या पुस्तकात वाचलं आन् अंगावर काटा आला. दुसऱ्या दिवशी गोफन जाळली.”

“तात्या,” मी हळूच म्हणालो, “समजा, फक्त समजा, की ते छपाईत जरा इकडचं तिकडं झालं असेल...”

तात्यांनी हात सोडले. “म्हंजी?”

“म्हणजे देवक कदाचित दुसरं...”

“आमचं देवक खोटं हाय म्हनता?” त्यांच्या आवाजानं मोरांनीसुद्धा माना वर केल्या. “छापलंय म्हंजी खरंच असनार की! तुमीच तर छापलंय! भूमच्या पावण्याला तुमीच बोलला न्हवं, शोधलं की सापडतं?”

बघा! ते वाक्य भूमहून जळकोटपर्यंत येऊन पोचलं होतं. मी म्हणालो, “नाही नाही, मी सहज...” तात्यांनी पुस्तकात फक्त आपलीच ओळ वाचली होती, आणि त्यांना अजून कळलंही नव्हतं की त्याच मोरापायी त्यांच्या पोराचं लग्न गुरुवारी मोडणार आहे. ते खुशीत होते. त्यांनी शेतात गळून पडलेलं एक लांबलचक पीस आणलं आणि माझ्या पिशवीत खोचलं. “घरात लावा. आठवन म्हनून.”

नाही म्हणायची हिंमत झाली नाही. परत येताना मी मुद्दाम मागच्या गल्लीतून आलो, तर अक्का नेमकी तिथंच दळण घेऊन उभी! पिशवीतून दोन हात वर आलेलं पीस वाऱ्यावर डुलत होतं.

“हे कुठलं?”

“तात्यांनी दिलं,” तोंडातून निघून गेलं.

अक्कानं ते पीस घेतलं, घरी नेलं आणि अण्णांपुढं ठेवलं. अण्णांनी भिंगातून बघितलं आणि मान हलवली. “आता शंका उरली न्हाय. दिगंबरराव सोता जाऊन पुरावा घिऊन आले.”

असा माणूस बघितलाय का कुणी, जो स्वतःच्या चुकीला साक्षीदार शोधायला दुसऱ्या गावाला जातो?

बुधवारी मी रजा टाकली. पोट खरंच बिघडलं होतं.

गुरुवार उजाडला. अक्काच्या ओसरीवर सतरंजी टाकली. एका बाजूला तात्या, अजित, त्यांची मंडळी. तात्यांच्या फेट्यात मोरपीस! दुसऱ्या बाजूला अण्णा, दाजी, अक्का, सुनंदा आणि मी. मी खांबाला टेकून बसलो होतो. वर्षानं चहा आणला. माझ्यापुढं कप ठेवताना ती हळूच म्हणाली, “बघितलंत का मामा?”

मी मान खाली घातली. ती पुढं गेली. अजितनं कप घेतला. त्याच्या खिशाला तिचंच पेन होतं. म्हणजे परत केलंच नव्हतं लेकानं!

अण्णांनी घसा खाकरला. “पावनं, तुमी मान्सं सोन्यासारखी. पन देवाच्या मनात न्हाय. तुमचं आमचं देवक येक हाय.”

तात्यांचा हात आपोआप फेट्यातल्या पिसाकडं गेला. एवढा दांडगा माणूस, पण एकदम लहान दिसायला लागला. “म्हंजी... पोरगी आमची भैन लागली व्हय?” असं म्हणून त्यांनी अजितकडं बघितलं. अजित पेनाकडं बघत होता.

तेव्हा मला अक्काची जेवढी भीती वाटत होती, त्याहून जास्त लाज वाटली. भीतीनं माणूस बसून राहतो, लाजेनं उठतो. मी उठलो.

“थांबा,” मी म्हणालो. “ती चूक माझी आहे. देवक एक नाही. मी ते... घातलं.”

“घातलं म्हंजी?” अक्का.

मी लॅपटॉप उघडला आणि सगळं सांगितलं. जुना फोटो दाखवला, नवा दाखवला, कोरा रकाना दाखवला, पोस्टमन सांगितला. बोलताना मी फक्त अक्काच्या पायांकडं बघत होतो, चप्पल घातलीय की नाही ते बघायला. नव्हती.

“तात्या,” मी म्हणालो, “फॉर्मात तुम्ही देवकापुढं काय लिहिलं होतं?”

“काय बी न्हाय. रिकामं सोडलं हुतं. म्हनलं, मास्तर शिकलेले हायत, बगतील.” तात्या विचार करत म्हणाले, “आन् तुमी तर बगितलंच न्हाय!”

“नाही बघितलं.”

मग अण्णांनीच विचारलं, “तुमच्यात कुनी म्हातारं मानूस?” भूमला तात्यांची आत्या होती. फोन लावला, स्पीकरवर टाकला. पलीकडून आत्या कडाडली, “अरं मुडद्या, आपलं देवक उंबर! हिरीवरचा उंबर तुज्या आज्यानं कदी तोडू दिला का? तुज्या बापानं दिला का? कशापायी न्हाय दिला? मला आदी कावून न्हाय इचारलं?”

“उंबर!” तात्या ओरडले. सगळे ओरडले. अण्णांनी हात जोडले. अक्कानं वर्षाला जवळ घेतलं आणि दोघी रडल्या. दाजींनी सुपारी शोधायला सुरुवात केली. एवढ्यात तात्या ताडकन उठून उभे राहिले. फेट्यातलं पीस उपटलं.

“अजित, गाडी काड! भुईमूग! दोन एकर फुकट खाल्ला की रं त्यांनी!”

त्यांना धरून बसवावं लागलं. सुपारी फुटली. मी खांबाला टेकून परत खाली बसलो. वाटलं, सुटलो.

पण अक्का अजून माझ्याकडं बघत होती. मी हात जोडून म्हणालो, “अक्का, मार.” ती म्हणाली, “मारीन. लगीन झाल्यावर. मामा हातापायानं धड पायजे मांडवात.”

आणि अण्णांच्या हातात अजून भिंग होतं! नवी नजर, वाचायची हौस. ते आपले पुस्तिका चाळत होते. चाळता चाळता पहिल्या पानावर आले.

“सुनंदाबाई, तुमच्या माहेरचं देवक?”

“शंख,” सुनंदा म्हणाली.

“बराबर. आन् दिगंबररावांचं?”

सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. मी काय सांगणार? रकाना रिकामा होता! अण्णांनी पान सगळ्यांना दिसेल असं धरलं. एक नंबर, सुनंदा, शंख. दोन नंबर, दिगंबर, शंख.

“आमच्या माहेरी वड पुजतात,” अक्कानं लगेच सांगितलं, पण ऐकतंय कोण? तात्यांचं हसू पार हायवेपर्यंत गेलं असेल. सुनंदा एवढी हसली की तिला ठसका लागला. पाणी प्याली, पदर सावरला आणि म्हणाली, “तरीच! अठरा वर्षं झाली, पाडव्याला ओवाळलं तर ताटात कधी काही पडलं नाही. मी म्हणायची, माणूस विसराळू आहे.”

पुढचे आठ दिवस मी अठ्ठावीस फोन केले. प्रत्येकाची माफी मागितली. नशीब, लग्न कुणाचं मोडलं नव्हतं आणि भलतं जमलंही नव्हतं. ज्यांना देवक माहीत नव्हतं त्यांच्यापुढं ‘माहीत नाही’ असं शुद्धिपत्रकात छापलं. वर्षाचं लग्न झालं. मी पाठीशी उभा होतो, नव्या शर्टात. वरात निघायच्या आधी अक्कानं शब्द पाळला.

मग दिवाळी आली. पाडव्याला मी आठवणीनं साडी आणली. म्हटलं, मिटलं प्रकरण. दुसऱ्या दिवशी भाऊबीज. अंघोळ करून बाहेर आलो तर दिवाणखान्यात पाट मांडलेला, भोवती रांगोळी, आणि सुनंदा निरांजन लावलेलं ताट घेऊन उभी. अक्कासुद्धा मला ओवाळायला आलेली, तिच्या शेजारीच.

“हे काय? तू कशाला?” मी म्हणालो.

“बसा,” सुनंदा म्हणाली. “छापलंय म्हणजे खरंच असणार.”

मी अक्काकडं बघितलं. तिच्या पायात चपला होत्या. मी गुपचूप पाटावर बसलो.